धक्का कमी मारणारी बंदूक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या केरबा मिस्त्रीच्या दुकानात हंबीरराव शिरले ते तक्रार घेऊनच. खुर्चीला पाठ टेकायच्या आधी त्यांनी सांगून टाकलं, "मिस्त्री, ही बंदूक लई धक्का मारती. धक्का कमी मारणारी पायजे. दस्ता बदला, नळी बदला, न्हायतर माझ्या मापानं नवी घडवा."

केरबाचा बाप संस्थानच्या शिकारखान्यात बंदुका दुरुस्त करायचा, आणि बापाचा तोरा अजून मुलाच्या अंगात होता. त्यानं गिऱ्हाइकाकडं न बघता आधी बंदूक हातात घेतली आणि नळी उजेडाला धरली.

"झकास हाय की. बारा बोअरची एकनळी. धक्का मारनारच. बंदूक हाय ती, पाळना न्हवं."

हंबीररावांना हसू आलं नाही. एरवी अख्ख्या कागल भागात त्यांच्याएवढ्या मोठ्यानं हसणारा माणूस सापडला नसता, पण सात महिन्यांपूर्वी ते हसणं बंद पडलं होतं.

त्यांच्या उसात डुकरं शिरायची. पीक राखायला परवान्याची बंदूक होती. माघ महिन्यात एकदा सकाळी दहाच्या सुमाराला त्यांची बायको अंबूबाई न्याहारी घेऊन बांधावर आली आणि नेमकं त्याच वेळी डुक्कर फडातून बाहेर पडलं. हंबीररावांनी बार काढला. डुक्कर पळून गेलं, आणि एक छर्रा बांधाच्या दगडावरून उसळून अंबूबाईच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला.

बंदुकीनं धक्का मारला आणि नळी फिरली, असं हंबीररावांनी आधी दवाखान्याच्या दारात सांगितलं, मग पोलिसांना, मग पाव्हण्यारावळ्यांना. अंबूबाईनंही तसाच जबाब दिला, म्हणून तर जमा झालेली बंदूक परत मिळाली. पण गावाला नुसत्या बंदुकीवर खापर फोडून समाधान होत नाही, त्याला माणूस लागतो. 'डुकरं उठवत्यात त्या टायमाला बाईमाणसानं बांधावर जावंच कशाला?' असं भावकीतल्या बायका नळावर बोलायच्या. सासू, जिला अंबूबाई आत्याबाई म्हणायची, ती तर तोंडावरच बोलायची. हंबीरराव ते ऐकायचे आणि गुमान भाकरीचा तुकडा मोडायचे. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

आत मात्र एक किडा वळवळत होता. दोष खरंच बंदुकीचा, की आपला? नवी बंदूक खांद्याला लागली आणि नीट चालली, तर दोष जुनीचाच होता हे एकदाचं ठरून गेलं असतं. एवढ्यासाठीच ते कोल्हापूरला आले होते. बोलले अर्थातच फक्त धक्क्याबद्दल.

अंबूबाई दाराजवळच्या स्टुलावर पदर सावरून बसली होती. सकाळीच डॉक्टरनं तिच्या खोट्या डोळ्यासाठी माप घेतलं होतं. आता मिस्त्रीनं हंबीररावांचं माप काढलं, कोपराच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत.

"दस्ता आखूड पडतोय तुमाला. बोटभर वाढवू, मागं रबर लावू. नळी जड घेतली की धक्का निम्मा हुतोय, पर मग वजन वागवायची तयारी ठेवा. काडतूस हलकं घ्याल, तर डुकराला नुसत्या गुदगुल्या हुत्याल."

"वजन चालंल. धक्का नगं."

तसल्या मापाची एक बंदूक मिस्त्रीकडं तयार होती. "खाणीवर चला," तो म्हणाला. "दोन बार काढून बघा, मग ठरवा."

तिघं रिक्षानं गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर गेले. मिस्त्रीनं खडकावर तेलाचा डबा ठेवला. हंबीररावांनी नेम धरून बार काढला. डबा जागचा हलला नाही, त्याच्या हातभर खाली धुरळा उडाला.

"अजूनबी मारती की ओ," हंबीरराव खांदा चोळत म्हणाले.

"व्हय? परत मारा."

मिस्त्रीनं पाठ फिरवून दुसरं काडतूस भरलं. हंबीररावांनी पाय रोवले, चाप ओढला. टक्! नुसता बारीक आवाज आला. बार नाही, धूर नाही. पण नळी वीतभर खाली गेली होती, खांदा आक्रसला होता आणि हंबीररावांचे डोळे गच्च मिटलेले होते. न बसलेला धक्का खाऊन ते मोकळे झाले होते.

"त्यात दारूच न्हवती, पावणं," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजातला तोरा आता गेला होता. "बंदूक मागनं धक्का देती. तुमी आदीच डोळं झाकून हात खाली वढताय. हे दस्ता बदलून जायाचं न्हाय."

हंबीररावांनी चोरून बायकोकडं बघितलं. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय," अंबूबाई म्हणाली. "पंधरा पावलांवर हुतो मी. डुक्कर अंगावर आलं म्हनून तुमच्याकडंच बघत हुतो. डोळं गच्च झाकलेलं तुमी. मी वरडलो बी की, डोळं उघडा म्हनून."

ते ओरडणं हंबीररावांना पक्कं आठवत होतं. छर्रा लागल्यावरची किंकाळी म्हणून ते सात महिने त्यांच्या कानात होतं. ते बार निघायच्या आधीचं होतं.

"मग बोलली का न्हाईस?"

"पोलिसांत कशाला बोलू? घरात तुमी सांगशीला म्हनून वाट बघत हुतो. आत्याबाई रोज मला बोल लावत्यात, नि तुमी खाली मान घालून जेवताय."

मिस्त्री डबा आणायला म्हणून लांब गेला आणि उगीचच तिकडं रेंगाळला.

"चुकलं माझं," हंबीरराव म्हणाले. त्यांना रडू फुटलं.

"मला नगा सांगू. मला ठावंच हाय."

मिस्त्री परत आला. "मग? घ्यायची का ही बंदूक?"

"नगं, मिस्त्री." हंबीररावांनी बंदूक त्याच्या हातात दिली. एवढीशी गोष्ट, पण तोंडातून निघता निघेना. "डोळं मीच झाकलेलं. बंदुकीचं काय बी न्हवतं. हिचा डोळा माझ्यामुळं गेला."

मिस्त्रीनं बंदूक फडक्यात गुंडाळली. अंबूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती नवऱ्याच्या जवळ आली.

"आता म्हनला न्हवं," ती म्हणाली, "तसंच घरात म्हना. आत्याबाईंच्या म्होरं."