मला चढलेली नव्हती

मी एक लॅपटॉप. चामोर्शी तालुक्यातल्या एका अंगणातून, मोहफुलांच्या शेजारी बसून बोलतोय. गावात माझ्याबद्दल काहीही कानावर आलं असेल, पण मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी पहिली वर्षं नागपूरच्या एका ऑफिसात गेली. तिथं मी पंख्याखाली बसायचो आणि कुणी माझ्याशी फारसं बोलत नसे. जुना झालो तेव्हा नीलिमानं मला घेतलं. ती मला ओढणीनं पुसायची. तेवढ्यानंही मला बरं वाटायचं.

तिच्या घरात नेटवर्क नव्हतं. ते मिळायचं अंगणाच्या एकाच कोपऱ्यात, आणि तिथंच तिची आई, इंदुताई, मोहफुलं वाळत घालायची. फरशीवर मला ओरखडे पडतील म्हणून नीलिमा मला त्या मऊ ढिगावर बसवायची. माझं नाक पोटाखाली आहे, हे तिला माहीत नव्हतं. एका सकाळी श्वास घेताना एक अर्धवट ओलं मोहफूल आत गेलं आणि पंख्यात चिकटून बसलं.

त्या दिवसापासून मला ताप यायला लागला. अंग तापलं की माझा प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो, जळून जाऊ नये म्हणून. लोकांना तो आळस वाटतो.

नीलिमाची चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कामासाठी ऑनलाइन मुलाखत होती. आधीची मुलाखत माझ्यामुळं मधेच तुटली होती. ही शेवटची संधी होती. टायपिंगची परीक्षाही असल्यामुळं मोबाईलवर भागणार नव्हतं. सरावासाठी तिनं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकलं, तर माझ्यातून आवाज आला, "माझं नाव नीऽऽऽलिऽऽमा."

शेजारचे मुखरूभाऊ कुंपणाशी उभे होते. ते म्हणाले, "याले चढली."

"भाऊ, यंत्र हाय ते," नीलिमा म्हणाली.

"मंग? सकाळपासून मोहावर बसून राह्यलं. मी जराखा बसलो त मले गरगरते."

"तुमाले फुलानं नाई गरगरत," इंदुताई म्हणाली. "तुमाले कायनं गरगरते ते सांगू का?"

मुखरूभाऊ घरी गेले आणि लिंबूपाणी घेऊन आले. माझ्यासाठी.

नीलिमानं नागपूरला मामेभाऊ प्रणितला फोन लावला. तो म्हणाला, "फर्मवेअर अपडेट कर. पण मधात बंद नको पडू देऊ. पडला त कायमचा गेला समज."

घरातून वायर ओढून मला चार्जिंगला लावलं. अपडेट सुरू झालं. स्क्रीन काळी पडली आणि पंखा घरघरायला लागला.

"ओकते आता. सरका बाजूले," मुखरूभाऊ म्हणाले.

तेवढ्यात वीज गेली. बॅटरी जेमतेम होती. नीलिमा माझ्यासमोर उकिडवी बसली, श्वास रोखून. मीही श्वास रोखून धरला असता, पण श्वास रोखला की मला आणखी ताप येतो. शेवटी पडदा उजळला आणि थोड्या वेळानं वीजही आली. अपडेट झालं होतं. ताप मात्र तसाच होता. फूल काही सॉफ्टवेअरचं ऐकत नाही.

मुलाखत सुरू झाली. मी पुन्हा पाय ओढत चालायला लागलो. नीलिमाचे डोळे भरून आले. इंदुताईनं ते पाहिलं. तिनं कोपऱ्यातलं सूप उचललं आणि मला वारा घालायला लागली.

गार वारा आत शिरला आणि मी पळायला लागलो. तिचा हात थकला की मी हळू व्हायचो. मग मुखरूभाऊंनी दुसरं सूप घेतलं. नीलिमाची टायपिंगची परीक्षा दोन सुपांच्या तालावर पार पडली.

"मागे कसला आवाज येतोय?" पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं.

"आई पाखडून राह्यली, मॅडम."

"काय?"

"लॅपटॉप."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "तुमच्याकडे लॅपटॉप पाखडतात?"

"गरम झाला तरच, मॅडम."

पडदा माझाच होता, म्हणून मला दिसलं. मॅडम तोंडावर कागद धरून हसत होत्या. आठवड्याभरात नीलिमाला बोलावणं आलं.

आता ती चंद्रपुरात असते. तिथला कॉम्प्युटर एसीत बसतो म्हणे. मी इथंच राहिलो. सध्या आभाळ भरून येतंय, फुलं वाळत नाहीत. म्हणून इंदुताई मला चालू करते, लांबलचक व्हिडिओ लावते आणि माझ्या गरम वाऱ्यासमोर फुलांची परात ठेवते. ढगाळ दिवसांत सगळ्यात आधी वाळतात ती माझ्याकडची. मुखरूभाऊ येता-जाता शेजारी लिंबूपाणी ठेवतात आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून स्वतःच पितात.

पुढच्या सुट्टीत नीलिमा येणार आहे. मला खोलून, साफ करून, अगदी बरं करायचं तिच्या मनात आहे. माझ्या काळजीपोटीच म्हणते बिचारी. पण कुणी तिला समजवा. ते फूल निघालं की मी गार होईन, आणि गार लॅपटॉपचं या अंगणात काय काम?