मुंगीबाबांचं रिंगण

जांभूळ गावाच्या फाट्याजवळ पत्र्याची एक शेड होती. त्या गुरुवारी शेडपुढे दीड-दोनशे माणसं रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एक बाटली होती. बाटलीत काय होतं हे सभ्य माणसाने लिहू नये म्हणतात, पण मी शाळेत विज्ञान शिकवतो, लाजून भागत नाही. बाटलीत लघवी होती. ज्याची त्याची, सकाळची पहिली, बदलापूर स्टेशनपासून टमटममध्ये मांडीवर धरून जपून आणलेली. कुणी सरबताच्या बाटलीत आणली होती, कुणी खोकल्याच्या औषधाच्या. उल्हासनगरचे टेकचंद नावाचे एक होलसेल व्यापारी तर चक्क नवा कोरा थर्मास घेऊन आले होते.

"थर्मास कशाला, शेठ?" मी विचारलं.

"साईं, नमुना गरम रहा पाहिजे. मुंगीला ठंडा माल आवडत नाही."

साल एक्याण्णव. देशात कॉम्प्युटर येत होता आणि आमच्याकडे मुंगीबाबा आले होते.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. मधुमेह्याच्या लघवीत साखर असते आणि साखरेला मुंग्या लागतात. इथवर खरंच आहे, आजीच्या काळापासून लोकांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी नमुना बशीत ओतून ओट्यावर ठेवायचा. मुंग्या धावत यायच्या. मग अकरा दिवस बाबांचं कडू तीर्थ घ्यायचं आणि डॉक्टरची सगळी औषधं बंद. बाराव्या दिवशी बाबांचा शिष्य भगव्या फडक्यात गुंडाळलेल्या 'सिद्धदंडा'ने ओट्यावर पांढरं रिंगण काढी आणि बशी त्या रिंगणात ठेवी. मुंग्या रिंगणापर्यंत येत, थबकत आणि माघारी फिरत. की शंख वाजला! साखर गेली! बऱ्या झालेल्या माणसाने उरलेली औषधं तिथल्या पाण्याच्या पिंपात बुडवायची आणि बाबांच्या हातचा पेढा खायचा.

एरवी मी लांबूनच हसलो असतो. पण त्या दिवशी रांगेत आमचा श्यामकांत होता.

श्यामकांत माझा अंबरनाथचा शेजारी. केमिकल कारखान्यात अधिकारी, रसायनशास्त्राचा पदवीधर. दहा वर्षांचा मधुमेह, आणि तीन वर्षांपासून हृदयही कमजोर. रोज सकाळी हा माणूस परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घेई, त्यात आपल्या लघवीचे आठ थेंब टाकी आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर स्वारी खूश, विटकरी झालं तर दिवसभर घरात सुतक. त्यानंतर गोळ्या. साखरेची वेगळी, हृदयाची वेगळी, अंगात पाणी साठू नये म्हणून लघवीची वेगळी. हे सगळं त्याने अकरा दिवसांपूर्वी बंद केलं होतं. त्याच्या पावलांवर सूज आली होती. चपलेचा पट्टा रुतत होता. उताणं झोपलं की धाप लागायची, म्हणून पाठीशी तीन उशा घेऊन तो बसल्याबसल्या झोपत होता.

"डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर असंच चाललं तर हृदय झेपायचं नाही," त्याची बायको कुंदावहिनी मला म्हणाल्या. "भावजी, तुम्ही चला. तुमचं ऐकतील."

वहिनींच्या पिशवीत गोळ्यांचा डबा होता. पिंपात टाकण्यासाठी श्यामकांतनेच तो बरोबर घ्यायला लावला होता. त्या डब्यावरचा त्यांचा हात रस्ताभर निघाला नाही.

मी काय केलं? मास्तर जे करतो तेच. भाषण केलं. रांगेसमोर उभं राहून स्वादुपिंड, इन्शुलिन, रक्तातली साखर, सगळं घोटून सांगितलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

"मास्तर, ते स्वादुपिंड दाखवा बघू."

"असं कसं दाखवणार? ते पोटात असतं."

"मला मुंगी दाखवता येते," बाबा म्हणाले. "मुंगी म्हणजे देवाची लॅबोरेटरी! रिपोर्ट तात्काळ, रविवारीही चालू! हा पिपीलिका-योग आहे. हिमालयात सतरा वर्षं मी वारुळावर बसलो."

"कुठे कुठे चावल्या असतील!" मी म्हणालो. कुणी हसलं नाही. उलट मागून एक आवाज आला, "ओ मास्तर, खाली बसा, नंबर लांबतोय." मी खाली बसलो. आयुष्यात इतका वाईट तास मी घेतलेला नाही.

श्यामकांतचा नंबर आला. शिष्याने रिंगण काढलं, बशी ठेवली. सगळे ओट्याभोवती वाकले. काळ्या मुंग्यांची एक ओळ भिंतीच्या फटीतून निघाली, रिंगणापर्यंत आली, मिशा हलवत थांबली आणि वळली. शंख वाजला. श्यामकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि शिष्य पिंप सरकवत वहिनींपुढे आला.

"औषधं सोडा, माई."

वहिनींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या ओट्यावर वाकून मुंग्या बघत होत्या. मग त्यांनी बोट रिंगणावर फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी भुकटी पाहिली आणि श्यामकांतच्या तोंडाजवळ पोचलेला पेढा हिसकावून घेतला.

"अगं, प्रसाद आहे तो!"

"असू दे." त्यांनी बशी बाजूला सारली आणि पेढा बरोबर रिंगणाच्या मधोमध ठेवला.

मुंग्या आल्या. थबकल्या. वळल्या.

मग रांगेतल्या कौसाबाई नावाच्या म्हातारीने मोठ्याने विचारलं, "आं? म्हंजे पेढ्याची बी साखर बरी झाली का काय?"

"प्रसादाचा मान राखतात त्या!" बाबा घाईघाईने म्हणाले. "मुंगी श्रद्धाळू असते."

वहिनींनी तोच पेढा उचलून रिंगणाबाहेर वीतभर अंतरावर ठेवला. दोन मिनिटांत तो काळा झाला.

"मग ह्या बाहेरच्या मुंग्या नास्तिक आहेत का?" वहिनी म्हणाल्या. "अहो, हा मुंग्यांचा खडू आहे! माझ्या स्वयंपाकघरात जाळीच्या कपाटाच्या चारही पायांभोवती मी हाच ओढते. विषारी असतो. मुंगी ओलांडत नाही, मग आत साखर असो की शेण."

बाबांनी शिष्याकडचा 'सिद्धदंड' ओढून कफनीत लपवायला घेतला, पण टेकचंद शेठ चपळ निघाले. त्यांनी थर्मास माझ्या हातात कोंबला, भगवं फडकं ओढलं, आतला खडू नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारला.

"अरे साईं! ये तो अपना माल है! याचा माणूस दर महिन्याला माझ्या दुकानातून बॉक्स भरके नेतो. मी समजलो, आश्रमात मुंग्या फार!"

पुढचं सांगायला फार मजा येते. कौसाबाईंनी आपली सरबताची बाटली बाबांच्या गादीवर ओतली. मागोमाग पंधरा-वीस बाटल्या ओतल्या गेल्या. सतरा वर्षं वारुळावर बसलेले बाबा दोन पायऱ्या एकदम उतरून मागच्या शेतातून पळाले आणि गादीवर, रिंगण नसल्यामुळे, मुंग्यांनी उत्तम गर्दी केली. मी मात्र शेठचा थर्मास हातात धरून उभा होतो. तो खरंच गरम होता.

श्यामकांत हसत नव्हता. तो पायरीवर बसून धापा टाकत होता.

"झाली हौस?" तो वहिनींवर ओरडला. "अकरा दिवस सुट्टी मिळाली होती मला! सकाळी उठून मूत उकळायचं नाही, गोळ्या मोजायच्या नाहीत, कुणाच्या बारशाला गेलो तर पेढ्याकडे चोरासारखं बघायचं नाही. खडू आहे हे मला कळत नसेल? मी केमिस्ट आहे. मला कळून घ्यायचं नव्हतं!"

मला एकदम वाईट वाटलं. स्वादुपिंडावर मी अर्धा तास बोललो होतो, पण हा माणूस किती कंटाळलाय हे एकदाही विचारलं नव्हतं. वहिनी त्याच्याशेजारी बसल्या. त्यांनी डबा उघडला, तीन गोळ्या तळहातावर काढल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"मलाही कंटाळा येतो हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायांना सूज आली की मी रात्रभर श्वास मोजते. मला कोण सुट्टी देणार?"

श्यामकांतने त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेक करून तिन्ही गोळ्या घेतल्या आणि आम्ही त्याला तिथूनच टमटममध्ये घालून थेट डॉक्टरांकडे नेलं. दुसऱ्या दिवशी नळीतलं द्रावण विटेसारखं लाल झालं. पंधरवड्याने सूज उतरली, तीन उशांची एक उशी झाली.

वाचकहो, मुंगी खोटं बोलली नव्हती. प्रश्न चुकीचा विचारला होता. कुणी तुम्हाला असा चमत्कार दाखवला, तर वहिनींनी केलं तेवढंच करा. ज्यात साखर आहे हे पक्कं ठाऊक आहे, ती वस्तूही तिथे ठेवून बघा. त्याला ना पदवी लागते ना भाषण. आणि जो तुमची चालू औषधं बंद करायला सांगतो, त्याच्यापासून लांब राहा, मग तो भगव्यात असो की सुटाबुटात.

मधुमेह श्यामकांतला सोडून गेला नाही, हृदयही नवं झालं नाही. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. रोज सकाळी नळी उकळताना कुरकुरला, गोळी गिळताना तोंड वाकडं केलं, आम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि थोरल्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला स्वतःच्या पायांवर उभा होता. तुम्हालाही कंटाळा आला तर खुशाल कुरकुर करा, घरच्यांशी भांडा, डॉक्टरांशी भांडा. पण आधी गोळी घ्या.