ओसरबाबा आणि खडूचा फळा

नदीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी शिवणयंत्र उघडं टाकून आला होता, दंतवैद्य आला होता आणि त्याच्यामागोमाग गालात कापूस धरलेला त्याचा पेशंटही. ओसरबाबा सगळ्यात वरच्या पायरीवर घडीच्या आरामखुर्चीत बसून नदीशी बोलत होते.

"फार झालं हं तुझं. दोन दिवस लाड केले. आता पाच वाजले की मुकाट्याने मागे सरायचं. ओसर."

या पावसाळ्यात बाबांनी नदीला सहा वेळा 'ओसर' म्हटलं होतं आणि सहाही वेळा ती तासाभरात दोन-तीन पायऱ्या खाली गेली होती. ज्या दिवशी पाणी चढायचं, त्या दिवशी बाबांचं मौन असायचं. हे कोणालाही खटकत नव्हतं.

माझ्या आईला तर नाहीच. तिचं घर पायऱ्यांना लागूनच, खालच्या गल्लीत. मी धरणाच्या कचेरीत कारकून. रोज सकाळी आठला धरणावरून फोन येतो. दारं किती वाजता उघडणार, किती वाजता बंद होणार, ते मी फाटकाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिते. गावात तो कोणी वाचत नसे. त्याला सायकली टेकवायचे. एक छत्री दुरुस्त करणारे काका तेवढे रोज सव्वाआठला यायचे आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, ही वेळ धरणावरची की आपल्या पुलापाशीची?"

मी हरखले. "धरणावरची, काका. पाणी इथवर यायला तीन तास लागतात. दारं बंद झाली, तरी इथे ते तीन तासांनीच उतरतं."

माझा एकुलता एक वाचक. त्यांच्यासाठी मी अक्षर सुधारलं, रेघा आखायला लागले.

त्या दिवशी सकाळी मी लिहिलं होतं, दुपारी दोनला दारं बंद. साडेअकराला पुन्हा फोन आला. वरच्या डोंगरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. धरण काठोकाठ भरू देऊन चालत नाही, येणाऱ्या पाण्याला जागा ठेवावी लागते. तेव्हा बंद करणं दूरच, दोनला आणखी चार दारं उघडणार होती. मी फळा पुसून नवं लिहिलं, भोंग्याची रिक्षा गल्लीत पाठवली आणि आईला फोन केला.

"आई, निघ. पाचला पाणी घरात शिरेल."

"पाचला ओसरणार आहे. बाबांनी सांगितलंय."

"अगं, मी धरणाच्या कचेरीत आहे."

"तू कारकून. ते थेट नदीशी बोलतात."

तीन वाजता रिक्षा परत आली. गल्लीतली एक गादीसुद्धा हलली नव्हती. साहेबांना सांगून मी फळाच खिळ्यांवरून काढला, रिक्षात आडवा घातला आणि नदीवर गेले. आई पहिल्या रांगेत होती. ओसरबाबांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीत माझा वाचक होता.

खरं सांगते, क्षणभर त्यांना बघून बरंच वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि संताप आला, त्यातला अर्धा स्वतःवरचा. ही विद्या त्यांना मीच शिकवली होती.

"काका, सव्वाआठनंतर फळा बघितला नाहीत वाटतं?"

"बाई, आम्ही नदी वाचतो," बाबा म्हणाले.

मी फळा त्यांच्यासमोर उभा केला. त्यांनी सवयीने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला. ओठ हलले. दोन वाजता, चार दारं. त्यांनी बोटांवर तीन तास मोजले. मग ओसरबाबांनी खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि चढाच्या रस्त्याने धूम ठोकली.

"पुढे जाऊन पाणी अडवणार असतील," शिंपी म्हणाला.

"पाणी इकडे आहे," पेशंट गालातला कापूस काढून म्हणाला.

मी सगळ्यांना फळ्याची गोष्ट सांगितली. आई ऐकत राहिली.

"म्हणजे सहाही वेळा तू लिहायचीस आणि तो बोलायचा?"

"हो."

"चल," ती उठत म्हणाली, "आधी गाद्या वर नेऊ."

पाचनंतर आईच्या घरात कमरेइतकं पाणी झालं. तोवर अख्खी गल्ली रिकामी होती.

चार दिवसांनी पाणी उतरलं. सकाळी बघते तर कोणीतरी फळ्यासमोर फुलं ठेवलेली आणि दंतवैद्य डोळे मिटून, हात जोडून उभा. मी फुलं उचलली.

"डॉक्टर, डोळे मिटून काय दिसणार? वाचा. कळलं नाही तर विचारा. छत्रीवाल्या काकांनी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांनी वाचलं आणि आपण वाचलं नाही, एवढाच तो चमत्कार."

आई मागेच उभी होती. तिने टेकलेली सायकल बाजूला केली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही वेळ," तिने विचारलं, "धरणावरची की पुलापाशीची?"