दुसऱ्याची संमती

"तिजोरी उघडण्याआधी कुणाला फोन केला होता का तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही साहेब. राहून गेलं."

त्यांच्या शेजारी बसलेल्या सहकारिणीच्या हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर जरा जोरातच टेकला. कारण फोन आला होता. तिलाच आला होता, पुन्हा पुन्हा.

कंपनी दवाखान्यांच्या संगणकांची देखभाल करायची. रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक कामाचा प्रोग्राम संगणकातल्या आपापल्या बंद कप्प्यात, कंटेनरमध्ये, चाले, आणि त्या सगळ्या कंटेनरांना लागणारे पासवर्ड एका डिजिटल तिजोरीत कुलूपबंद असत. त्या तिजोरीची राखण दोघांकडेच: दादांकडे आणि तिच्याकडे. पण एकट्याने उघडायची नाही. एकाने आधी फोन करायचा, मग विनंती पाठवायची, दुसऱ्याने संमती द्यायची. चोरून कुणी हात घातलाच, तर त्याला पकडणारा पहारा तिने स्वतः बसवला होता. त्यावरून दादा तिला 'पहारेकरीण' म्हणायचे आणि ती लटकंच रागवायची.

रविवारी पाळी तिची होती. दुपारी जेवण अंगावर आलं. फोन खोट्या इशाऱ्यांनी सारखा किणकिणत होता, म्हणून तिने तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि नुसती पाठ टेकली. नुसती पाठ टेकलेलं माणूस कधी उठतं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. तेवढ्यात एका दवाखान्याच्या जुन्या पासवर्डची मुदत संपली आणि तिथले रिपोर्ट अडकले. ऑपरेशनसाठी आत नेलेल्या बाईचा रक्ताचा रिपोर्ट उघडेना. दादांनी तिला फोन लावून लावून पाहिले. शेवटी रात्रीच्या बॅकअप प्रोग्रामचं सोंग घेऊन ते मागच्या दाराने तिजोरीत शिरले, नवा पासवर्ड उचलला आणि रिपोर्ट सोडवले.

ती उठली तर लॅपटॉपवर लाल इशारा. रात्रीचा बॅकअप भर दुपारी पासवर्ड वाचतोय! तिची झोप खाडकन उडाली. 'चोर शिरलाय' असं तिने साहेबांना तिथल्या तिथे कळवून टाकलं. शाबासकीच मिळेल असं वाटलं होतं तिला. ड्रॉवर तिने त्यानंतर उघडला.

मीटिंग संपली. निकाल असा, की दादांनी आजच नोकरी सोडून घरी जायचं. बाहेरच्या जिन्यापाशी तिने त्यांना गाठलं.

"दादा, मी सांगते साहेबांना."

"काय सांगशील? झोपले होते म्हणून? एकदा ताकीद मिळालीय तुला. पोरगी तुझी शाळेत आहे अजून. गप्प बस."

"पण तुमच्या नावाला बट्टा लागतोय."

"अगं, नियम मोडलाच की मी. खोटं कुठे आहे त्यात?" मग ते हसले. "पहारा मात्र पक्का हं तुझा, पहारेकरीण. मलासुद्धा सोडलं नाहीस."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

गप्प बसायला तिचं तोंड कुणी शिवलं नव्हतं. साहेबांच्या दारापर्यंत ती गेलीसुद्धा. वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण साहेबांनीच मान वर केली.

"बरं झालं आलात. दादांचं नाव तिजोरीवरून आत्ताच काढून टाका."

"हो साहेब," ती म्हणाली. आणि जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन परत फिरली. आपण इतक्या भित्र्या असू असं तिला कधी वाटलं नव्हतं. स्वतःचीच तिला किळस आली.

जागेवर येऊन तिने नाव काढण्याची विनंती पाठवली. स्क्रीनवर उमटलं: 'दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीची वाट पाहत आहे.'

दुसरी व्यक्ती म्हणजे दादाच. तिच्या हे तेव्हा लक्षात आलं, आणि विनंती मागे घ्यावी म्हणून तिने हात पुढे केला.

पलीकडच्या टेबलावर दादा खोक्यात सामान भरत होते. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, खुर्चीवर टाकायची छोटी उशी. त्यांचा फोन वाजला. हातातलं सगळं खाली ठेवून त्यांनी तो लगेच उचलला, डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचला आणि अंगठा टेकवला.

तिच्या स्क्रीनवर संमती आली. दादांनी कुणाला कधी वाट पाहायला लावली नव्हती.