सबनीसांच्या घरचा नॅट

मी विमान आहे, पण मला उडता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक उगाच आभाळाकडे बघत बसतात. मी बोलतोय तो बडोद्याच्या निजामपुऱ्यातून, सबनीसांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या काचेच्या कपाटातून. जातीने नॅट, एकाहत्तरच्या लढाईतलं लढाऊ विमान. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. नाकापासून शेपटीपर्यंत वीतभरसुद्धा भरणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात साच्यातून झाला. जन्मलो तेव्हा मी विमान नव्हतोच. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले सत्तर-ऐंशी तुकडे होतो. डब्याच्या झाकणावर मात्र मी ढगातून सूर मारत होतो. झाकणावरचं चित्र आणि आतला माल यांत किती अंतर असतं, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

दोन हजार तेराच्या जानेवारीत आनंद सबनीसने मला मुंबईच्या एका दुकानातून वडिलांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी आणलं. वडील म्हणजे पद्माकरराव. हवाई दलात पंधरा वर्षं फिटर. एकाहत्तर साली खऱ्या नॅटच्या पोटाखाली उताणं पडून त्यांनी नट आवळले होते. पुढे बडोद्यातच, गोरव्याच्या एका कारखान्यात नोकरी केली, तीही संपली. डबा उघडून त्यांनी माझा एक पंख बोटांत धरला आणि म्हणाले, "हा आमचा." एवढंच.

आठ दिवसांत त्यांनी माझ्या धडाचे दोन भाग चिकटवले. नवव्या दिवशी त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि गोंदाचा थेंब पाटावर पडला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पद्माकररावांनी डब्याला झाकण लावलं आणि मला कपाटावर, जुन्या टेबल-फॅनच्या शेजारी ठेवून दिलं. तिथे मी सव्वा वर्ष धूळ खाल्ली.

मला खाली काढलं वत्सलाबाईंनी. या पद्माकररावांच्या पत्नी, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं स्वतः बघून, उघडून, बिघडवून शिकल्या. इस्त्री, मिक्सर, शिवणयंत्र, स्कूटरचा कार्बोरेटरसुद्धा. कुणी शिकवायला आलं तर त्यांना राग यायचा.

"अहो, हे मी पुरं करते."

"तुला नाही जमणार. नाजूक काम आहे."

"पन्नास वर्षं करंज्यांना मुरड घालतेय. माझे हात काय फावडी आहेत?"

पद्माकरराव पेपरामागे गेले. परवानगी मिळाली असं बाईंनी धरलं.

त्यांनी आधी सूचनांचा कागद वाचला, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवून. मग शाळकरी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. त्या दिवसापासून माझ्यावर जे केलं ते त्या वहीत गेलं. कुठला रंग किती थेंब, कुठला तुकडा कधी, काय चुकलं, का चुकलं.

पहिली चूक मात्र त्यांची नव्हती. पंख लागले, चाकं लागली, मला उभं केलं, आणि मी नाक वर करून शेपटीवर बसलो. माझ्या जातीला नाकात वजन लागतं, आणि धड बंद करण्याआधी ते घालायला पद्माकरराव विसरले होते.

"पंधरा वर्षं विमानं सांभाळलीत," बाई म्हणाल्या, "आणि हे बघा, पाय वर करून बसलंय."

"कंपनीचा दोष असेल."

"सूचनेत लिहिलंय. तिसऱ्या पानावर."

"सूचना बायकांसाठी असतात."

बाई हसल्या, आणि पुढच्या चाकाच्या खाचेतून हातड्रिलने भोक पाडून बेअरिंगच्या बारीक गोळ्या गोंदासकट माझ्या नाकात सारल्या. मला शिंक येणार असं वाटलं. पण त्या दिवसापासून मी तीन पायांवर नीट उभा आहे.

रंगाचं प्रकरण जास्त लांबलं. झाकणावरचा नॅट चांदीसारखा चकचकीत होता. पद्माकररावांना तो नको होता. लढाईच्या तोंडावर त्यांच्या तळावर सगळ्यांनी मिळून, हातात ब्रश घेऊन, चकचकीत विमानांवर हिरवा रंग फासला होता, म्हणे. त्यांना तो हिरवा हवा होता. आता तो हिरवा कुठल्याही बाटलीत मिळत नव्हता. तो फक्त त्यांच्या डोक्यात होता.

"हा फार हिरवा आहे."

"मग कसा? अळूच्या पानासारखा?"

"पानासारखा नाही. अळूच्या भाजीसारखा."

"आजच्या का कालच्या?"

पद्माकररावांनी जरा विचार केला. "कालच्या."

बाईंनी हिरव्यात तपकिरी घातला, काळ्याचा एक थेंब, पिवळ्याचे दोन. सतरा वेळा घोटला. सतराव्या वेळी पद्माकरराव खुर्चीतून पुढे वाकले आणि काही बोललेच नाहीत. तेव्हा बाईंनी वहीत लिहिलं, जमला.

रंग पातळ, एकावर एक तीन हात. दोन हातांमध्ये एक दिवस सुकू द्यायचं. मग अशोकचक्राचं नाही, तर केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांचं हवाई दलाचं चिन्ह. ते कागदावर छापून येतं. कोमट पाण्याच्या वाटीत भिजवायचं आणि ओलं असतानाच ब्रशच्या टोकाने सरकवत जागेवर न्यायचं. बाई तेव्हा श्वास रोखून धरायच्या. दारावरची बेल वाजली तर वाजू द्यायच्या. आता फक्त वरून संरक्षक वॉर्निशचा शेवटचा हात राहिला होता.

अशात एका रविवारी आनंद जेवायला आला. गावातल्या हौशी मंडळींनी दसऱ्यानंतरच्या रविवारी अशा छोट्या विमानांचं, रणगाड्यांचं प्रदर्शन ठेवलं होतं, परीक्षक आणि बक्षिसांसकट. त्याने जेवता जेवता मोबाइलवर फॉर्म भरला आणि वाचून दाखवला. "बनवणार, श्री. पद्माकर सबनीस, माजी हवाई दल. बराबर ने, बाबा?"

पद्माकररावांनी लोणच्याची फोड उचलली.

"आणि मी?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"आई, तू मदत केलीस ते मी खाली लिहितो ने."

"मदत? मदत त्यांनी केली. खुर्चीत बसून."

"नाव कुणाचं का असेना," पद्माकरराव म्हणाले, "घरातच राहतंय."

"घरातच राहतंय, तर माझं लिहा."

मग पद्माकरराव म्हणाले, "विमान मला माहीत आहे. तिथे लोक चार गोष्टी विचारतील. तू काय सांगणार?"

आनंदने फॉर्म पाठवून दिला. बाईंनी ताटं उचलली. मी समोरच्या टेबलावर होतो, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला. त्या बाईंनी आयुष्यभर जे जे केलं ते 'सबनीसांकडचं' म्हणून ओळखलं गेलं. सबनीसांकडचे मोदक, सबनीसांकडचे स्वेटर, सबनीसांकडे इस्त्री दुरुस्त होते. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. या वेळी मात्र त्यांना प्रदर्शनात विमानापुढे ठेवतात त्या कार्डावर स्वतःचं नाव हवं होतं. बक्षीस नको, हार नको. नाव.

चार दिवस घरात जेवण वाढलं जायचं आणि बोलणं व्हायचं नाही.

मग खंडेनवमी आली. या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पद्माकरराव पाटावर आपले जुने पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर मांडतात. बाई झेंडूच्या माळा आणायला खाली उतरल्या. जाताना सांगून गेल्या, "विमानाला हात लावू नका. वॉर्निश बाकी आहे."

पद्माकररावांनी हत्यारं मांडली, आणि मग माझ्याकडे बघितलं. तळावर दर खंडेनवमीला ते खऱ्या नॅटच्या नाकाला हळदीकुंकवाचं बोट लावायचे. त्यांनी मला उचललं आणि पाटावर, पान्यांच्या मधोमध ठेवलं. हळदीत बोट बुडवलं. माझ्या नाकापर्यंत ते बोट सरळ आलं, आणि तिथे हात सुटला. नाकावरून, वैमानिकाच्या जागेवरच्या काचेवरून, थेट डाव्या पंखावरच्या चिन्हापर्यंत पिवळी रेघ गेली. कुंकवाच्या वेळी दुसरी. घाबरून त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं, तशी ती आणखी पसरली. वॉर्निश नसलेला रंग हळद पिऊन टाकतो. मला तर चवच कळली.

वत्सलाबाई आल्या. माळा टेबलावर ठेवल्या.

"तळावर लावायचोच आम्ही," पद्माकरराव म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं.

"आणि मग तसंच पिवळं घेऊन उडायचात?"

"नाही. उडण्याआधी पुसून घ्यायचो. स्वच्छ."

"मग पुसा."

"निघत नाही."

बाई आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. ती त्यांनी उघडून पद्माकररावांच्या मांडीवर ठेवली. "चहाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगता ने, की विमानाच्या वहीत ज्याने नट आवळला त्याचीच सही. साहेबाने सांगितलं तरी दुसऱ्याच्या कामावर सही केली नाही, रजा गेली तरी चालली. मी चाळीस वर्षं ऐकतेय. आता ही वही बघा. यात तुमची सही कुठे बसते ते दाखवा."

पद्माकररावांनी चष्मा लावला. त्यांनी ती वही कधी हातात घेतली नव्हती. ते पहिल्या पानापासून वाचत गेले. बेअरिंगच्या गोळ्या, सतरा हिरवे, काच चिकटवताना उमटलेला अंगठा आणि तो कसा घालवला, सगळं. खाली गल्लीत संध्याकाळच्या गरब्यासाठी स्पीकर तपासत होते. तेवढा वेळ बाई उभ्याच होत्या.

शेवटी त्यांनी पेन मागितलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'हळदकुंकू लावले. रंग बिघडवला.' खाली सही केली. मग म्हणाले, "माझी एवढीच." आणि आनंदला फोन लावला. "नाव बदल. आईचं घाल."

"बाबा, कार्डं छापून झाली असतील."

"सारू, असू दे. मग तिथे बघू."

राहिले तीन दिवस. बाईंनी बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून माझं नाक आणि पंख घासले. दुखलं, खोटं कशाला बोलू. सतरावा हिरवा वहीवरून पुन्हा बनवला. पण चिन्ह दुसरं नव्हतं. डब्यात मोजकीच येतात. तेव्हा त्यांनी चिकटपट्टी कंपासने गोल कापली आणि तिन्ही वर्तुळं हातानेच रंगवली. वॉर्निश शनिवारी दुपारी बसलं.

रविवारी आम्ही हॉलवर पोचलो. माझ्या जागेवर कार्ड होतं, श्री. पद्माकर सबनीस, माजी हवाई दल. बाईंनी ते वाचलं आणि मला परत पिशवीत घालायला लागल्या.

"थांब," पद्माकरराव म्हणाले. त्यांनी कार्ड उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि बाईंपुढे धरलं. "तूच लिही. माझं अक्षर कुणाला लागणार नाही."

बाईंनी कोऱ्या बाजूवर लिहिलं, वत्सला सबनीस. माजी काही नाही, आजी काही नाही. आणि मला टेबलावर ठेवलं.

दुपारी परीक्षक आले, एक गुजराती गृहस्थ, हातात भिंग. त्यांनी मला खालून-वरून बघितलं, डाव्या पंखावरच्या चिन्हावर भिंग धरलं, कार्ड बघितलं, आणि तरीही सरळ पद्माकररावांकडे वळले. "काका, बाकी तो सरस छे. पण आ गोळ जरा वांको छे."

आता इथे पद्माकरराव म्हणू शकले असते की तिचा हात हलला असेल. किंवा हळदीची गोष्ट सांगून हसवू शकले असते. ते बाईंकडे हात करून म्हणाले, "एमने पूछो. काम एमनुं छे."

परीक्षक बाईंकडे वळले. मी बाईंना चांगला ओळखतो. त्यांना हळदीची गोष्ट सांगता येत होती, वहीत सहीसकट पुरावा होता.

"वांको छे, मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "छापलेलं चिन्ह खराब झालं, म्हणून हाताने काढलं. पुढचं सरळ येईल."

गृहस्थांनी मान हलवली आणि गुण कापले. मला बक्षीस मिळालं नाही. घरी येताना रिक्षात पद्माकरराव म्हणाले, "हिरव्याबद्दल कुणी विचारलंच नाही." बाई म्हणाल्या, "त्यांनी कालची अळूची भाजी खाल्ली नसेल."

याला आता दहा वर्षं झाली. पद्माकरराव तीन वर्षांपूर्वी गेले. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी आणखी नऊ विमानं आली आहेत, सगळ्यांची वर्तुळं सरळ. वत्सलाबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि अकराव्या विमानाचं धड आज सकाळी चिकटवलं, नाकात वजन घालून. माझा हिरवा थोडा उडाला आहे. वाकडं वर्तुळ आहे तसंच आहे. मी विचारलं असतं तरी त्यांनी बदललं नसतं.

एक विनंती करतो आणि थांबतो. निजामपुऱ्यात आलात तर मला बघायला जरूर या, चहा मिळेल. काचेला नाक लावा, पण दार उघडू नका. आणि दिवाणखान्यात पद्माकररावांचा गणवेशातला फोटो बघून 'काकांचा हात काय होता' असं म्हणू नका. बाई आत ब्रश धूत असतात, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.