अपराजित १९०७

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम दरवर्षी इतक्या निष्ठेनं हरते की लोक मैदानावर हॉटडॉग खायला येतात, मॅच बघायला नाही. म्हणून २००७ साली डीनसाहेबांना शंभर वर्षांपूर्वीची टीम आठवली. जिमच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय ना, ‘१९०७, अपराजित’! माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्या टीमचं प्रदर्शन लावायचं ठरलं आणि काम आलं लायब्ररीत, म्हणजे माझ्याकडे. नागपूरच्या बाईइतकी अमेरिकन फुटबॉलची जाणकार दुसरी कोण मिळणार?

नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या नवऱ्याला, नरेंद्रला, त्याच्या आयटी कंपनीनं नारळ दिला होता. आता तो माझ्या व्हिसावर, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी अपार्टमेंटमध्ये वरणभाताचा कुकर लावत बसला होता. ग्रीन कार्डाच्या अर्जाला कॉलेजचं पत्र हवं होतं आणि पत्रावर डीनची सही. ते तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून होतं. "मेळावा होऊन जाऊ दे, सुवर्णा," असं ते गोड हसून म्हणायचे.

मग काय, मी कॉलेजच्या वर्तमानपत्राचे जुने अंक स्कॅन करायला घेतले. सीझन सापडला. अरे बाप्पा, अख्खा सीझन एका मॅचचा! शून्य-शून्य. दुसऱ्या हाफमध्ये वॉल्टर पिअर्स नावाच्या मुलाच्या डोक्याला मार लागला. तो बाजूला जाऊन बसला होता, पण कॅप्टन हॉलोवेलनं त्याला परत खेळायला बोलावलं. दोन दिवसांनी वॉल्टर गेला. कॉलेजनं उरलेल्या सगळ्या मॅच कॅन्सल केल्या. खेळलेच नाहीत, तर हरणार कसे? वा रे अपराजित! एकोणीस वर्षांचं पोर जिवानिशी गेलं आणि यांनी भिंत सोनेरी करून घेतली. माझं डोकंच फिरलं.

प्रिंट काढून मी तशीच डीनकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"पण ते हरले तर नाहीत ना?"

"नाही, पण..."

"मग झालं तर. त्या कॅप्टनचा मुलगा येतोय, ब्याऐंशी वर्षांचा. स्टेडियमला देणगी देतोय. त्याचं मन कशाला दुखवायचं? आणि हो, तुझं पत्र मेळाव्यानंतरच्या सोमवारी नक्की."

किती हळवं मन हो आमच्या डीनचं! घरी येऊन मी नरेंद्रपुढे तणतण केली. तो शांतपणे म्हणाला, "अगं, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी आता आपण बॅगा भरायच्या का?" प्रदर्शनात मी एकच मॅच झाली हेही लिहिलं नाही आणि वॉल्टरचं नावही लिहिलं नाही. नुसते मिशीवाले फोटो लावले.

मेळाव्याला बँड होता, फुगे होते, भाषणं होती. म्हातारे मिस्टर हॉलोवेल काठी टेकत प्रत्येक फोटोपाशी थांबत होते. घ्या, ओवाळा आरती तीर्थरूपांची, मी मनात म्हटलं. मग ते माझ्यापाशी आले.

"ते जुने पेपर तुम्हीच वाचलेत ना? मी नऊ वर्षांचा असताना घरी फुटबॉल आणला होता. वडिलांनी तो सुरीनं फाडला आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आयुष्यभर मैदानाजवळ फिरकले नाहीत. मला वाटायचं, मीच त्यांना आवडत नाही. अजूनही वाटतं. म्हणून विचारतो, त्या वर्षी काही झालं होतं का?"

म्हातारा मिरवायला आलाच नव्हता, एवढं विचारायला आला होता. मी मान वर केली. त्यांच्या मागेच डीन उभे होते, गोड हसत.

"नाही हो," मी म्हणाले. "तसं काही सापडलं नाही."

"बरं." त्यांनी माझा हात थोपटला. "तुम्ही शोधलंत, हेच खूप झालं." आणि काठी टेकत ते गाडीकडे निघून गेले.

सोमवारी सही झाली. शब्दाचे पक्के हो डीनसाहेब! नरेंद्रनं इंडियन स्टोअरमधून पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि एक मला भरवला. मी खाल्ला. गोड लागला मेला, आणि मला माझीच लाज वाटली.