ढग काढा, शेपट्या लावा

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चांगला नाही. म्हातारपणी क्षमा करता येऊ लागते म्हणे. मला अजून आलेली नाही.

माझा जन्म न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात झाला. एस्टेल ल्युबिन नावाच्या बाईनं मला न्यूयॉर्कच्या एका दुकानातून उचललं आणि घरी नेऊन माझी जीभ, म्हणजे निब, दगडावर घासली. अहाहा, काय दुखलं! पण त्यानंतर माझ्यातून जे अक्षर उतरू लागलं ते पाहून मी दुखणं विसरलो. पुढे जिभा झिजल्या, तिनं त्या बदलल्या. दांडा मात्र तोच राहिला.

एस्टेल सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये अक्षरं लिहायची. लेखक संवाद टाइप करून देई, चित्रकार पेन्सिलीनं चित्रं काढी, मग आमची पाळी. पात्र मोठ्यानं बोललं तर गुळगुळीत फुगा आणि त्याची टोकदार शेपटी तोंडाकडे. मनात बोललं तर फुगवट्यांचा ढग, आणि ढगापासून कपाळापर्यंत उतरत जाणारे तीन छोटे गोल. शेपटी असली की सगळ्यांना ऐकू गेलं. गोल असले की फक्त वाचणाऱ्याला.

आम्ही दोघांनी एकोणीस वर्षं ‘तांबडी घार’ लिहिली. या घारीचं खरं नाव अ‍ॅग्नेस. दिवसा ती शहराच्या महापौरांकडे टायपिस्ट, आणि शहरातला सगळ्यात मोठा चोर हाच महापौर. ती त्याच्यासमोर मान खाली घालून बसे, ‘हो साहेब, आणते साहेब’ म्हणे, आणि डोक्यावरच्या ढगात त्याचे वाभाडे काढी. ते वाभाडे लिहिताना एस्टेल ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. बोललेले संवाद ती मुकाट्यानं लिही. मनातले मात्र पुटपुटत. वाचक पत्रांत लिहायचे, ‘ढग फार सुंदर!’ मी ऐटीत दौतीत उभा राही.

मग वेंडेल प्रुइट संपादक होऊन आला. वय तिशीचं, पट्ट्याचं बक्कल ताटलीएवढं. शंभराव्या अंकाची सगळी पानं तयार होती, दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायची होती. त्यानं ती एस्टेलच्या टेबलावर आपटली.

‘‘हे ढग काय आहेत, आजीबाई? बाळाचं पुस्तक आहे का हे? वाचक मोठे झालेत आता. एकही ढग नको मला.’’

‘‘बरं,’’ एस्टेल म्हणाली. ‘‘मग लेखकाकडून संवाद बदलून आणा. यातलं अर्धं महापौरानं ऐकायचंच नाहीये.’’

‘‘मला शिकवू नका. ढग खोडा, गोल खोडा, शेपटी लावा. झालं! अहो, अक्षर काढणं म्हणजे काय मोठं? माकडाच्या हातात टाक दिला तरी काढेल.’’

अख्ख्या खोलीनं ते ऐकलं. शेजारी सॉल बसायचा, चुकांवर पांढरा रंग लावणारा. त्याचा कुंचला हवेतच थांबला. एस्टेलच्या बोटांतून मला तिचा राग कळला, आणि मित्रांनो, त्या क्षणी मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

‘‘लेखी द्या,’’ एस्टेल म्हणाली.

प्रुइटनं निळी पेन्सिल घेतली. ती छापताना उमटत नाही, म्हणून आमच्याकडे सगळ्या सूचना तिनंच लिहितात. प्रत्येक पानाच्या कडेला त्यानं खरडलं: ‘ढग काढा, शेपट्या लावा. वें. प्रु.’ आणि जेवायला गेला.

‘‘अगं, हा मेला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय,’’ सॉल म्हणाला. ‘‘सांग त्याला.’’

‘‘सांगितलं की एकदा. सॉल, तू मुकाट्यानं पांढरा रंग लाव.’’

त्यानं ढगांचे फुगवटे आणि गोल पुसले. आम्ही शेपट्या ओढल्या. एकशे चौदा शेपट्या! एवढ्या आनंदानं मी कधीच चाललो नव्हतो. आमच्याकडची रीत अशी, की अक्षरवालीनं स्वल्पविरामही आपल्या मनानं हलवायचा नाही. आम्ही काहीच हलवलं नाही.

अंक बाहेर आला. नवव्या पानावर अ‍ॅग्नेस महापौराच्या तोंडावर खणखणीत म्हणते, ‘मूर्खा, जिला तू शहरभर शोधतोयस ती घार तुझ्यासमोर बसून तुझीच पत्रं टाइप करतेय!’ आणि पुढच्या चौकटीत महापौर म्हणतो, ‘अ‍ॅग्नेस, जरा कॉफी आण.’

लोक हसून हसून लोळले. रेडिओवाल्यानं ते पान वाचून दाखवलं. मालकानं प्रुइटला बोलावलं, प्रुइटनं एस्टेलकडे बोट दाखवलं, तेव्हा तिनं शांतपणे ती मूळ पानं मालकासमोर मांडली, प्रत्येकावर निळी सही. संध्याकाळी नोकरी गेलेला प्रुइट आपल्या सामानाचं खोकं उचलून जिन्यावरून उतरला. सॉलनं त्याच्यासाठी दार उघडून धरलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, माकडाला काही निरोप?’’

काय सांगू, किती गोड वाटलं!

पण घारीला कुणी पुन्हा खरं मानेना. ती दिसली की लोक ‘कॉफी आण’ म्हणत. नव्या संपादकानं ढग परत आणले, तरी खप पडतच गेला. चार अंकांनंतर मालकानं घार बंद केली.

त्या आठवड्यात डुलूथ नावाच्या दूरच्या गावाहून एक पत्र आलं. डोरीन नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचं. एस्टेलनं ते पुटपुटत वाचलं:

‘घार कोण आहे हे सहा वर्षं फक्त तिला आणि मला माहीत होतं. भावानं हात पिरगाळला तरी मी सांगितलं नाही. मग तिनं स्वतःच महापौराला का सांगितलं? मी काय चुकले?’

एस्टेलनं उत्तरासाठी कागद घेतला. मला शाईत बुडवलं. ‘प्रिय डोरीन’ लिहिलं आणि थांबली. माझ्या जिभेवरची शाई वाळली. तिनं पुसून पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळली. संपादकाचं नाव लिहावं, तर त्या पोरीला कोण संपादक? शेपट्या तर आम्हीच ओढल्या होत्या, आणि हसत ओढल्या होत्या.

मित्रांनो, तुम्हाला कुणी माकड म्हटलं तर जरूर राग धरा. मी आजही धरून आहे. प्रुइट मेला तरी मी त्याला सोडणार नाही. पण सूड उगवायला जी वस्तू हातात घ्याल ती आधी नीट पाहा. ती कुणीतरी दूर कुठेतरी जिवापाड जपलेली असते.

उत्तरात शेवटी एवढंच लिहून झालं: ‘तू काही चुकली नाहीस. आम्ही चुकलो.’ डोरीनचं पत्र मात्र पुन्हा कधी आलं नाही.